कूलर, फर्मवेअर आणि ‘घरबसले तज्ज्ञ’: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

राऊटरच्या फर्मवेअरच्या (म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटनंतर आमचे वायफाय मंदावले आणि राऊटर रिसेट केल्यावर सुधारले, असे सांगणाऱ्या माझ्या लेखावर प्रतापनगरच्या एका वाचकांनी सविस्तर प्रतिक्रिया दिली आहे. मी मेगाबिट आणि मेगाबाइट यांत घोळ केला, रिसेट करण्यापूर्वी इंटरनेट कंपनीने दिलेले युजरनेम व पासवर्ड लिहून घ्या असे सांगितले नाही आणि उन्हाने राऊटर तापतो हे लक्षात घेतले नाही, असे त्यांचे पहिले तीन आक्षेप आहेत. चौथा त्यांच्याच शब्दांत देतो: ‘अपडेट झाले आणि कूलर लागला तो एकाच आठवड्यात, मग दोष फर्मवेअरचाच हे या घरबसल्या तज्ज्ञांनी कशावरून ठरवले?’

पहिला आक्षेप मान्य आहे. एके ठिकाणी ‘२०० मेगाबाइट’ असे पडले होते, तिथे ‘२०० मेगाबिट’ हवे होते; आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणजे चूक आठपटींची होती. ती दुरुस्त केली आहे, आभारी आहे. पासवर्डाचे म्हणाल, तर टाचणीने रिसेटचे बटण दाबून धरण्याइतकी समज ज्याला आहे त्याला पासवर्ड आधी टिपून ठेवण्याचीही असेल, असे मी गृहीत धरले; नसेलच, तर कंपनीला फोन केला की तो मिळतो. मलाही तसाच मिळाला, फार तर अर्धा दिवस गेला. आणि उन्हाचे म्हणाल, तर नागपुरात एप्रिलमध्ये काय तापत नाही?

राहिला चौथा. मतभेदाचे मला वावडे नाही, परंतु ‘घरबसल्या तज्ज्ञ’ हा शब्दप्रयोग मला खटकला आणि तो का खटकला हे सांगणे भाग आहे. २००१ साली बर्डीवरच्या एका सायबर कॅफेत सहा संगणकांचे जाळे मी स्वतःच्या हाताने टाकले होते. केबलच्या टोकाशी आठ तारा सोलून, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी अशा ओळीत बसवायच्या आणि क्रिम्पिंगच्या पकडीने दाबायच्या. एक तार मागेपुढे झाली की सगळे पुन्हा. पुढे हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे नेटवर्क मी अकरा वर्षे सांभाळले. तिथे एका विभागातली हजार मेगाबिटची जोडणी अचानक शंभरावर उतरली, तेव्हा सगळ्यांनी स्विचला, म्हणजे सगळ्या केबली जिथे जोडतात त्या पेटीला, दोष दिला. मी केबल काढून पाहिली, तर तपकिरी जोडीतली एक तार उंदराने कुरतडली होती. शंभराला चार तारा पुरतात, हजाराला आठही लागतात, हे मला त्या दिवशी कोणी घरबसल्या शिकवले नाही. त्या काळात आपण काय करत होतात हे मी विचारणार नाही, कारण तसे विचारणे सभ्यतेला धरून होणार नाही.

आता ‘कशावरून ठरवले’ ते सांगतो. अपडेट रात्रीतून आपोआप झाले. सकाळी मी लॅपटॉप आधी केबलने राऊटरला जोडला आणि २०० मेगाबिटच्या प्लॅनवर १९६ मिळाले. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक होती. काही राऊटरांमध्ये अपडेटनंतर डेटाचा वापर मोजणारी किंवा त्याला अग्रक्रम लावणारी सोय चालू होते, मग वेग वाढवणारी चिप बाजूला राहते आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. पण तसे असते तर केबलवरही वेग पडला असता, म्हणून तो संशय तिथेच बाद झाला. केबल काढून त्याच जागी, राऊटरपासून तीन फुटांवर, वायफायवर मोजले तेव्हा ३१ मिळाले.

सेटिंग उघडल्यावर कारण दिसले. पूर्वी वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन लहरीपट्ट्यांची दोन वेगळी नावे होती, ती अपडेटने एक करून टाकली होती. लॅपटॉप २.४ वर जाऊन बसला होता, आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (पट्ट्यातल्या वाटा) १, ६ व ११ हे तीनच असताना आमच्या इमारतीत तिथे १९ शेजाऱ्यांची नावे दिसत होती. तो तिथे का गेला? कारण ५ गिगाहर्ट्झवरच्या चॅनेलची रुंदी ८० वरून १६० मेगाहर्ट्झ झाली होती. एवढ्या रुंदीला ३६ ते ६४ हे सगळे चॅनेल लागतात, त्यांतले ५२ ते ६४ रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात, आणि त्यासाठी प्रसारण सुरू करण्यापूर्वी राऊटरला मिनिटभर कान देऊन ऐकावे लागते व रडारची चाहूल लागताच जागा सोडावी लागते. तेवढ्या वेळात ५ गिगाहर्ट्झ गायब होते, घरातली उपकरणे २.४ वर सरकतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात, कारण परत कधी यायचे हे बहुतांशी उपकरण ठरवते, राऊटर नाही. मी रिसेट केले, जुनी बॅकअप फाइल मुद्दाम वापरली नाही, नावे वेगळी केली, रुंदी ८० वर आणली, चॅनेल ३६ दिला आणि त्याच तीन फुटांवर १८१ मिळाले. याला ठरवणे म्हणत नसतील, तर कशाला म्हणतात ते आपणच सांगावे.

कूलरने अडथळा येतो हे मलाही ठाऊक आहे. पत्र्याची पेटी लहरी परतवते आणि ओल्या ताट्यांमधले पाणी त्या शोषून घेते. ५ गिगाहर्ट्झला याचा त्रास अधिक. परंतु आमचा कूलर हॉलच्या गॅलरीकडील खिडकीत असतो, राऊटर समोरच्या शोकेसवर आणि लॅपटॉप राऊटरच्या पुढ्यात, म्हणजे दोघांच्या मधे कूलर येण्याचा प्रश्नच नव्हता. रिसेटच्या दिवशी कूलर ताट्या बदलण्यासाठी गच्चीवर नेलेला होता आणि लेखातल्या छायाचित्रात खिडकी रिकामी दिसते, हे आपण अचूक हेरलेत. छायाचित्र इतक्या बारकाईने पाहिलेत, तर त्यातल्या लॅपटॉपवरचा १८१ चा आकडाही पाहायचा होता.

तरीही आपले समाधान व्हावे म्हणून, आणि केवळ त्यासाठीच, परवा कूलर पुन्हा खिडकीत बसल्यावर मी सगळे नव्याने मोजले. हॉलमध्ये १७८ मिळतात. गॅलरीतल्या झोपाळ्यावर ६० मिळतात; कूलर गच्चीवर होता तेव्हा तिथे ११० मिळत होते. परंतु गॅलरीचा माझ्या लेखात उल्लेखच नव्हता, आणि राऊटर शोकेसवरून काढून गॅलरीच्या दाराशी वर लावण्याचा विचार मी आपली प्रतिक्रिया येण्याआधीच केला होता.