काकूने मला खुर्ची दिली

चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचं पाणी वाढू लागलं की आमच्या आळीच्या ग्रुपवर एक वाद हमखास निघतो. या आठवड्यातही निघाला. 'परदेशात बसलेल्यांनी पैसे पाठवावेत, पूर ओसरल्यावर फावडं धरून फोटो काढायला येऊ नये.' खाली सोळा अंगठे, त्यातले तीन माझ्या चुलतभावंडांचे.

हे मला लागलं, कारण २०२१ च्या पुरानंतर मी चिपळूणला गेले होते.

आधी पैशांचं बोलू. जर्मन पासपोर्ट घेताना मला भारतीय पासपोर्ट सोडावा लागला. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, पण परदेशी देणग्यांच्या कायद्याला ते पुरत नाही. त्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाला माझ्याकडून शंभर रुपयेसुद्धा घेता येत नाहीत. मला हे आळीतल्या मंडळाच्या खजिनदारांनीच समजावलं होतं. सोळांत त्यांचाही अंगठा आहे.

आम्ही येऊ नये याचं दुसरं कारण सांगतात ते गर्दीचं. गर्दी इथे जर्मनीतही झाली. चिपळूण बुडालं २२ जुलैला. त्याच्या आठच दिवस आधी, १४ जुलैच्या रात्री, इथल्या आर नदीने अख्खं खोरं धुऊन नेलं आणि त्या एका खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली. इशारा तिथेही वेळेत पोचला नाही, तेव्हा यंत्रणेचे गोडवे मी गाणार नाही. पण मदतीला आलेल्यांच्या गाड्यांनी रस्ते तुंबले, तेव्हा लोकांना नुसतं घरी बसा म्हणून सोडून दिलं नाही. गाड्या जवळच्या ग्राफशाफ्ट गावाच्या औद्योगिक वसाहतीत लावायला सांगितल्या आणि तिथून बस सोडल्या. बसमधून उतरलं की हातात फावडं यायचं. तू कुठली, किती दिवस राहणार, असं मला कोणी विचारलं नाही. चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर असं काही का होऊ शकत नाही? पाणी कोळकेवाडी धरणाचं की पावसाचं, पुराची निळी रेषा कुठून जाते, नदीतला गाळ कोणी काढायचा, हे तिथे राहणाऱ्यांनी ठरवावं, त्यात मी तोंड घालत नाही. माझ्या घरातला गाळ मात्र माझा आहे.

हे मी ठासून लिहिते आहे खरं, पण २४ जुलैच्या शनिवारी मी आरच्या खोऱ्यातल्या आरवायलरमध्ये एका अनोळखी बाईच्या तळघरातून बादल्या वर देत होते आणि चिपळूणला काकूचा फोन दोन दिवस लागत नव्हता. आरवायलरला मी अर्ध्या तासात पोचले होते. आमच्या घरी पोचायला ऑगस्टचा तिसरा आठवडा उजाडला. रजा, कोविडच्या चाचण्या, विमान ही सगळी कारणं खरी आहेत. तरीही ते तळघर आठवलं की मला लाज वाटते.

तोवर गाळ वाळून सिमेंटसारखा झाला होता. मी पदर खोचला, तर काकूने पडवीत प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि चहा आणून दिला. "माहेरवाशीण तू, बस जरा. किती लांबून आलीस." २००५ च्या पुरात याच घरातून मी घमेली उचलली होती. वाचन मंदिरात चिकटलेली पानं सोडवत तासन् तास बसले होते. तेव्हा मला कोणी बस म्हणालं नव्हतं.

दोन दिवस मी जवळजवळ पाहुणीच होते. शिवणयंत्राचा खण उघडला तर आत गाळाची वीट झालेली. स्क्रू ड्रायव्हरने टोकरत गेले तशी एकेक रीळ निघाली, रंग ओळखू येत नव्हते. आईची अंगुस्तान सापडली, तळाशी, आत मातीने गच्च भरलेली. फोटो काढला तो तेवढाच, आणि तो मी कुठेही टाकला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूने तिचा जुना गाऊन माझ्या अंगावर टाकला. "हा घाल," म्हणाली, आणि माळ्याकडे बोट केलं. तिथे अजून कोणी चढलंच नव्हतं.