नासाच्या संस्कृतची झाडाझडती

दर दोन-चार महिन्यांनी हा मेसेज कोल्हापुरातल्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर उगवतोच. तालमीच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या येतो, उद्यमनगरातल्या जॉबवर्कवाल्यांच्या ग्रुपवर तर लोखंडाचा भाव आणि ‘तुमच्याकडं लाईट आहे का’ यांच्या मधोमध येऊन पडतो. मजकूर ठरलेला. ‘नासाने मान्य केले, संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी जगातील सर्वोत्तम भाषा.’ खाली मुद्दे: फोर्ब्सने जुलै १९८७ मध्ये हेच लिहिले. नासाकडे ताडपत्रावरच्या ६० हजार संस्कृत पोथ्या आहेत. अंतराळात पाठवलेली इतर भाषांतली वाक्ये उलटीपालटी होतात, संस्कृतची होत नाहीत. संस्कृतात १०२ अब्ज ७८ कोटी ५० लाख शब्द आहेत. संस्कृत बोलल्याने बीपी आणि शुगर आटोक्यात राहते. सहाव्या आणि सातव्या पिढीचे सुपरकॉम्प्युटर २०२५ आणि २०३४ मध्ये संस्कृतवर चालणार. शेवटी संस्कृत शिकवणारी लंडनमधली एक शाळा, जोडलेले हात आणि झेंडा.

मी व्हीएमसी मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनला, प्रोग्रॅम टाकून पोट भरतो. मशीनला नेमकं काय कळतं, हा आमचा रोजचा धंदा. म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. पुढच्या वेळी कुणी अण्णा, कुणी मामा हे फॉरवर्ड करतील तेव्हा सरळ चिकटवता येईल.

नासापासून सुरुवात करू, कारण मेसेजात खऱ्याचा जो काही अंश आहे तो बराचसा इथंच आहे. रिक ब्रिग्ज नावाचा संशोधक कॅलिफोर्नियात, नासाच्या एम्स केंद्रातल्या एका संशोधन संस्थेत होता. १९८५ साली त्यानं ‘एआय मॅगझिन’मध्ये संस्कृत आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर लेख लिहिला. काळ लक्षात घ्या. जपाननं १९८२ मध्ये ‘पाचव्या पिढीच्या कॉम्प्युटर’चा मोठा सरकारी प्रकल्प काढला होता, अमेरिकेनं त्याची धास्ती घेतली होती, आणि माणसाचं बोलणं मशीनच्या गळी कसं उतरवायचं यावर भलेभले डोकं फोडून घेत होते. त्यातली एक वाट अशी होती: वाक्य फोडायचं आणि कुणाचं क्रियेशी काय नातं आहे ते जाळ्यासारखं मांडायचं. ब्रिग्जचं म्हणणं असं की हे काम भारतातल्या वैयाकरणांनी आधीच करून ठेवलंय. त्यानं आधार घेतला नागेशभट्टांचा. हे म्हणजे नागोजीभट्ट काळे, काशीत राहिलेले मराठी पंडित. मराठीतून फिरणाऱ्या मेसेजात नेमका त्यांचाच पत्ता नाही!

लेखातलं उदाहरण भात शिजवण्याचं आहे. मैत्र हा मैत्रीखातर देवदत्तासाठी भांड्यात विस्तवावर भात शिजवतो. वैयाकरण याची फोड करतात ती अशी: मध्यभागी शिजवण्याची क्रिया, कर्ता मैत्र, कर्म भात, करण विस्तव, संप्रदान देवदत्त, अधिकरण भांडं, आणि निमित्त मैत्री. मुळातला शब्दक्रम गेला, नाती तेवढी राहिली. कॉम्प्युटरवाले त्या काळी कागदावर बाण काढून हेच करत होते. लेख खरोखर वाचण्यासारखा आहे. पण तो एका माणसानं केलेली तुलना आहे. शिवाजी विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकानं मासिकात लेख लिहिला म्हणून मंत्रालयातून जीआर निघाला असं कुणी म्हणत नाही. नासाच्या बाबतीत मात्र बिनधास्त म्हणतात.

शिवाय ब्रिग्जनं जिचं कौतुक केलं ती पंडितांची काटेकोर, फोड केलेली शास्त्रीय भाषा. रोजच्या संस्कृतात संदिग्धता भरपूर आहे. पंडितांचंच जुनं आवडतं उदाहरण घ्या: श्वेतो धावति. ‘श्वेतः धावति’ अशी फोड केली तर पांढरा (समजा घोडा) धावतो. ‘श्वा इतः धावति’ केली तर इथून कुत्रं पळतं. घोडा की कुत्रा, हे संधीवरून कळत नाही. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ जेरार ह्यूए आणि हैदराबाद विद्यापीठातल्या अंबा कुलकर्णी यांनी संस्कृत वाक्यं फोडणारी साधनं बनवण्यात वर्षानुवर्षं घातली आहेत. संस्कृत जर मशीनला आपोआप कळत असती तर त्यांना एवढा खटाटोप करावाच लागला नसता.

आता दुसरं गृहीतक बघू, जे मेसेजात न लिहिताही पसरलेलं आहे: कॉम्प्युटरला सध्या इंग्रजी कळते, उद्या संस्कृत आणखी चांगली कळेल. कॉम्प्युटरला इंग्रजी कळत नाही हो. ग्रेस हॉपर या अमेरिकन संगणकतज्ज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात, प्रोग्रॅम साध्या शब्दांत लिहिता यावेत म्हणून खटपट केली. कंपनीच्या वरिष्ठांना दाखवताना त्यांनी एकच प्रोग्रॅम इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवून दाखवला. वरिष्ठ हबकले. अमेरिकेत बनलेल्या मशीनला फ्रेंच, जर्मन कशी येईल म्हणून! बाईंना पुढं इंग्रजीपुरतंच काम करू असं कबूल करावं लागलं, तेव्हा गाडी पुढं सरकली. मशीनच्या पोटात तिन्ही वेळा तेच शून्य आणि एक गेले होते. सत्तर वर्षं झाली, त्या वरिष्ठांचे वैचारिक वारस आमच्या ग्रुपवर आहेत.

मेसेजचा लाडका मुद्दा म्हणजे अंतराळातली उलटी वाक्यं. संस्कृतात शब्द कुठंही ठेवा, अर्थ बदलत नाही, म्हणून नासाला ती पसंत. पहिली गोष्ट, हे काही संस्कृतपुरतं नाही. रामानं रावणाला मारलं, रावणाला रामानं मारलं; मराठीतही मेला रावणच. प्रत्यय बळकट असले की शब्दक्रम सैल चालतो, लॅटिनमध्येही चालतो. आणि माझ्या मशीनवरही चालतो. ‘जी ०१ एक्स ५०. एफ १२०’ अशी ओळ टाकली की टूल सरळ रेषेत, मिनिटाला १२० मिलिमीटरच्या वेगानं ५० वर जातो. ‘एफ १२० एक्स ५०. जी ०१’ असं उलटं लिहिलं तरी कंट्रोलर तेच करतो, कारण प्रत्येक आकड्यापुढं त्याचं काम सांगणारं अक्षर चिकटलेलं असतं. मात्र त्या ५० पुढचा दशांशाचा टिंब विसरा. बऱ्याच कंट्रोलरवर, जुन्या सेटिंगला, टिंब नसलेले पन्नास म्हणजे पन्नास मायक्रॉन, मिलिमीटरचे पन्नास हजारांश. मशीनवरचा पोरगा वाट बघत उभा राहतो आणि टूल केसाच्या जाडीएवढा हलून थांबतो. क्रम उलटला तर काही बिघडत नाही, टिंब गळला तर जॉब वाया गेला.

अंतराळात गडबड होते ती याच जातीची. तिथं वाक्यं जात नाहीत, बिट जातात, आणि गोंगाटात एखाद्या शून्याचा एक होतो. त्यावर उपाय म्हणून मूळ माहितीसोबत हिशोबानं काढलेले जादा बिट पाठवतात. बिघडलेलं त्यावरून दुरुस्त होतं. रीड आणि सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये मांडलेली रीत नासाच्या व्हॉयेजर यानांत वापरली गेली. तीच रीत आपल्या क्यूआर कोडमध्ये आहे. उद्यमनगरातल्या चहाच्या गाड्यावरचा कोपरा फाटलेला, रॉकेलचे डाग पडलेला क्यूआर स्कॅन होतो तो रीड-सॉलोमनच्या पुण्याईनं.

अंतराळातून खरोखर अगम्य बडबड आल्याची गोष्टही घडलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ निरर्थक माहिती पाठवू लागलं. एका कॉम्प्युटरच्या मेमरीतली चिप गेली होती. यान इतकं लांब की निरोप एका बाजूनं पोचायलाच साडेबावीस तास. इंजिनिअरांनी त्या चिपवरचा कोड तुकडे करून मेमरीत दुसरीकडे बसवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा ताळ्यावर आलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या मशीनची अशी दुरुस्ती कुणी केली तर मी त्याच्या पाया पडायला तयार आहे. पण त्यात कुणी श्लोक पाठवला नव्हता.

आणि गंमत म्हणजे नासानं भाषा खरोखरच अंतराळात पाठवल्या आहेत. १९७७ मध्ये दोन्ही व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी लावली. तिच्यावर ५५ भाषांत शुभेच्छा आहेत. सुमेरियन आहे, लॅटिन आहे, आपल्याकडच्या हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू, तेलुगू, कन्नड, ओडिया, राजस्थानी आहेत. मराठी आहे! संस्कृत नाही. सर्वोत्तम भाषा म्हणून मान्यता दिली म्हणता, आणि नेमकी तीच राहिली? त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापूर दरबारात होते. व्हॉयेजर-१ नं २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावाची सीमा ओलांडली, म्हणजे कोल्हापुरात नांदलेली गायकी ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत पोचली आहे. भावांनो, फॉरवर्ड करायचंच तर हे करा की.

शब्दसंख्येकडे वळू. १०२ अब्ज शब्द सेकंदाला एक याप्रमाणे, न झोपता न जेवता वाचले तर सुमारे ३,२५० वर्षं लागतात. एवढे शब्द मोजले कुणी? पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतचा ऐतिहासिक कोश चालू आहे. दीड हजारांच्या आसपास ग्रंथ वाचून, एक कोटीच्या घरात चिठ्ठ्या काढून पंडितांच्या पिढ्या त्यावर खपल्या, आणि खंडामागून खंड निघाले ते ‘अ’च्याच घरातले. बरं, देवनागरीचं एक चिन्ह साठवायला साधारण तीन बाइट लागतात. शब्दाला दहा चिन्हं धरली तर सगळे शब्द साधारण तीन टेराबाइटमध्ये बसतात. बाजारात मिळणाऱ्या एका हार्ड डिस्कवर. मग आकडा पाठवण्यापेक्षा फाइलच पाठवा ना. संस्कृतात धातू, उपसर्ग, प्रत्यय आणि समास यांच्या जोडण्या करत गेलं की शब्द संपतच नाहीत, त्यामुळे नेमका आकडा देणं हाच मुळात अडाणीपणा. तो आकडा ५० लाखांपर्यंत काटेकोर आहे, हे विशेष.

फोर्ब्सच्या मुद्द्यात महिना आहे, साल आहे. लेखाचा मथळा, लेखक, पान काही नाही. पोथ्यांचंही तेच. पुण्याच्या भांडारकर संस्थेत २८ हजारांवर हस्तलिखितं आहेत, तिथं जायला रॉकेट लागत नाही, स्वारगेटची एसटी पुरते. बीपी-शुगरबद्दल मी डॉक्टरांवर सोडतो. फक्त तांबडा-पांढरा ओरपल्यावर गोळी चुकवून कुणी रामरक्षेवर भागवू नये.

सुपरकॉम्प्युटरच्या पिढ्या. २०२५ उलटून गेलं, सहावी पिढी संस्कृत बोलत आलेली नाही. जपानची ती पाचवी पिढीच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थकून गुंडाळली गेली आणि पुढच्या पिढ्यांची मोजदादही मागं पडली. जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे मशीनच्या यादीत २०१७ च्या अखेरीपासून एकूणएक लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. हां, नाव संस्कृत असलेला सुपरकॉम्प्युटर मात्र आपण केला आहे: पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा ‘परम’, १९९१ मध्ये. आणि सध्याचे गप्पा मारणारे एआय तर व्याकरणाचे नियम शिकवून तयारच झालेले नाहीत. मजकुराचे डोंगर वाचून पुढचा शब्द ताडायला ते शिकतात, आणि संस्कृतचा मजकूर इंग्रजीच्या मानानं चिमूटभर.

या सगळ्या गदारोळात पाणिनी बिचारा बाजूलाच राहतो, याचा मला खरा राग आहे. ‘इको यणचि’ हे त्याचं सूत्र बघा. माहेश्वर सूत्रांत, म्हणजे त्याच्या व्याकरणातल्या ध्वनींच्या यादीत, ध्वनी असे ओळीनं लावलेत की पहिला ध्वनी आणि शेवटची खूण एवढं सांगितलं की मधला सगळा गट हाती येतो. इक् म्हणजे इ, उ, ऋ, लृ. यण् म्हणजे य, व, र, ल. अच् म्हणजे सगळे स्वर. इक् च्या पुढं अच् आला तर इक् च्या जागी यण्. इति अधिक आदि, इत्यादि. एवढा नियम, त्याची अट आणि त्याची व्याप्ती तीन शब्दांत! असे सुमारे चार हजार नियम, अपवादांसकट, आणि दोन नियम भांडले तर कुणाचं ऐकायचं तेही सांगितलेलं. जॉन बॅकस आणि पीटर नाउर यांनी १९५९-६० मध्ये प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं व्याकरण लिहायची जी रीत घातली, तिला ‘पाणिनी-बॅकस’ म्हणा असं इंगरमन नावाच्या माणसानं १९६७ मध्येच एका नामांकित संगणक नियतकालिकाला पत्र लिहून सुचवलं होतं. हे छापील आहे, खरं आहे, आणि आजवर एकाही ग्रुपवर मला आलेलं नाही.

राहिली लंडनची शाळा. तो मुद्दा खरा आहे. सेंट जेम्स नावाची शाळा आहे आणि तिथं मुलांना संस्कृत शिकवतात. आपल्याकडची पोरंही आठवीला संस्कृत घेतात, देवः देवौ देवाः घोकतात आणि दहावीचा निकाल लागला की शब्दरूपावली रद्दीत जाते. मेसेज पाठवणाऱ्या आमच्या एका मामांच्या नातवानं यंदा घेतलंय. नासाचं विचारलं तर म्हणाला, ‘छे, स्कोअरिंग आहे.’