मुलं शाळेत गेली की मी काय करते? काही नाही!

जूनमध्ये धाकटा पहिलीत गेला आणि तेव्हापासून भेटेल ती व्यक्ती एकच विचारते, "मग आता वेळ कसा घालवतेस?" सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये विचारतात, नणंद फोनवर विचारते, परवा तर इस्त्रीवाल्यानेही विचारलं. उत्तरासाठी कुणी थांबत नाही, कारण सल्ला तयारच असतो. बी.एड. करून टाक. पोळी-भाजीच्या डब्यांना ठाण्यात मरण नाही. तुझ्या हाताला चव आहे, दिवाळीत चकल्यांच्या ऑर्डरी घे. झुंबा लाव (हे म्हणताना नजर माझ्या पोटावर). एका मैत्रिणीने तर विमा एजंटच्या परीक्षेची माहितीच पाठवून दिली.

प्रेमापोटी बोलतात, कळतं मला. पण माझं उत्तर एकदाच इथे लिहून टाकते, म्हणजे लिफ्टमधला त्रास वाचेल. पावणेनऊला व्हॅन गेली की दुपारी दोनपर्यंतचा वेळ माझा. त्यात मी ठरवून, अगदी निगुतीने, काहीही उपयोगाचं करत नाही.

मूल बालवाडीत गेलं की आई मोकळी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे केलेलं नसतं. ज्युनिअर-सीनिअर केजी म्हणजे अडीच-तीन तास. सोडून घरी या, कुकर लावा, कपडे वाळत घाला, की आणायची वेळ झालीच. त्यात आमच्या मोठीची शाळा आधी सकाळी सातला भरायची. ती साडेसहाला बाहेर, धाकटा साडेनऊला, तो परत यायचा तेव्हा तीही दारात. मग २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं शाळांना सांगितलं. मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून. खूप पालक तेव्हा कुरकुरले, नोकरीच्या वेळा कशा जुळवायच्या म्हणून, आणि त्यांचं चूक नव्हतं. पण माझ्या पदरात मात्र या वर्षी अलगद दान पडलं. मोठी चौथीत, धाकटा पहिलीत, शाळा एक, वेळ एक, व्हॅन एक.

आता खरी मेख अशी की मोकळा वेळ मोकळा राहत नाही. व्हॅनला टाटा करून वर आलं की घर हाका मारायला लागतं. अंथरुणं तशीच, ओट्यावर दुधाचं पातेलं, आणि समोर तो माळा, जो दर वर्षी "मुलं शाळेत गेली की आवरू" म्हणून राहिलेला. एकदा का गादीची घडी घालायला वाकलात की सरळ होता तेव्हा एक वाजलेला असतो. म्हणून मी पर्स खांद्याला लावूनच खाली उतरते. व्हॅन डावीकडे वळते, मी उजवीकडे. घर जिथल्या तिथे राहतं, पळून जात नाही, हे मी पडताळून पाहिलं आहे.

कधी तलावपाळीला एक फेरी मारून नुसती बसते. कधी मराठी ग्रंथसंग्रहालयात जाते. १८९३ पासूनची संस्था, लग्न होऊन ठाण्यात आले तेव्हापासून तिच्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन जात होते, आत आत्ता गेले. तिथे कपाटासमोर अर्धा तास उभं राहून एकही पुस्तक न घेता परत येण्यात जी चैन आहे ती मॉलमध्ये नाही. कधी घरीच परत येऊन अकरा वाजता झोपते. भरदिवसा, पंखा पाचवर ठेवून, फोन दुसऱ्या खोलीत. आमच्यात सकाळी अकराला बाई झोपलेली दिसली तर लोक आधी कपाळाला हात लावून ताप बघतात.

एका बुधवारी मामलेदारची मिसळ खायला एकटी गेले. वेटरने विचारलं, "किती जण?" म्हटलं, एक. त्याने माझ्या पाठीमागे पाहिलं, कुणी यायचंय का म्हणून. मग एका टेबलावर तीन कचेरीवाल्या पुरुषांसमोर जागा दिली. ते तिघं सात-बारावर वाद घालत होते, ते माझ्याकडे बघून क्षणभर थांबले आणि परत सुरू झाले. मी तिखट मागवली. घरी दहा वर्षं सगळं मुलांच्या बेताचं फिकं शिजतंय, माझी जीभ विसरूनच गेली होती. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. समोरच्या काकांनी काही न बोलता पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. कुणाचं तोंड पुसायचं नाही, कुणाचा अर्धा पाव संपवायचा नाही, "शू आली" म्हणून उठायचं नाही. शेवटचा थेंब पावाने पुसून खाल्ला.

संध्याकाळी हे घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "बँकेचं काम होतं का तिकडे?" बघा! यातच सगळं आलं. नुसतं गेले होते, हे उत्तर आपल्याकडे धरलंच जात नाही. बाईच्या मोकळ्या वेळाला निमित्त लागतं.

आणि हे आजचं नाही. मंगळागौर घ्या. रात्रभर जागायचं, फुगड्या घालायच्या, पोट दुखेस्तोवर हसायचं, पण आधी पूजा मांडायची, म्हणजे ते व्रत झालं. हळदीकुंकू घ्या. जात्यावरच्या ओव्या घ्या. गी पोइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी आपल्या खेड्यापाड्यांतून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. इतकं मनातलं बोलायचं होतं बायकांना, आणि बोलायला वेळ कुठला, तर पहाटे दळण दळताना. हात कामात, म्हणून तोंड मोकळं.

माझी आई चिपळूणला दर गुरुवारी दुपारी भजनी मंडळात जायची. आईचा आवाज म्हणजे विचारू नका, पण गुरुवार चुकला नाही. मध्यंतरी सहज म्हटलं, तुला एवढी भजनाची आवड कधीपासून? तर म्हणाली, "कसली आवड? टाळ वाजवले की दोन तास कुणी हाक मारायचं नाही."

आता देवाधर्माचं निमित्त जरा मागे पडलं आणि त्याच्या जागी कोर्स, कमाई, फिटनेस आले. पूर्वी पुण्य पदरात पडायला हवं होतं, आता सर्टिफिकेट. ज्यांना शिकायचंय, कमवायचंय त्यांनी जरूर करावं, ज्यांना गरज आहे त्यांना तर हा वाद परवडतच नाही. मीही उद्या करीन कदाचित. पण मोकळा झालेला प्रत्येक तास लगेच कशाला तरी जुंपलाच पाहिजे, ही सक्ती मला मान्य नाही.

पुरुषांना हा प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. रविवारी सकाळी आमचे हे पेपर घेऊन बसतात, जाहिरातींसकट वाचतात, मग मॅच. "वेळ कसा घालवता?" असं कुणी म्हणत नाही, आठवडाभर दमलाय बिचारा. तेही ठीक आहे, दमतो तो. पण केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत आपल्याच घरचं काम करणाऱ्या बायकांची त्या कामातली रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली आणि ते करणाऱ्या पुरुषांची ८८. पगार नाही, साप्ताहिक सुट्टी नाही. मुलांना सांभाळणं त्यात धरलेलंही नाही, त्याचा हिशेब वेगळा आहे. मग दमलेलं कोण, हे तुम्हीच बघा.

माझ्या घरी भांडी-लादीला येतात त्या ताईंचा मुलगाही यंदाच पालिकेच्या शाळेत पहिलीला लागला. त्यांना मिळालेल्या वेळात त्यांनी आणखी एक घर धरलं. माझी तलावपाळी आणि त्यांचं चौथं घर एकाच वेळी चालू असतं, हे मला दिसतं, आणि ते मिसळीइतकं सहज गिळता येत नाही. त्यांच्याशी एकदा हे बोलायला गेले तर म्हणाल्या, "ताई, तुमी बाहेरच जावा. घरात असला की लादी वाळायच्या आधी चालता."

बाकी हा वेळ तरी कुठे सलग मिळतो? जुलैत रेड अलर्ट आला की रात्री शाळेच्या ग्रुपवर सुट्टीचा मेसेज येऊन पडतो आणि दुसऱ्या दिवशीची ग्रंथालयाची फेरी बुडते. मग गणपती, मग सहामाही, मग दिवाळी. मध्येच एखाद्या रात्री साडेनऊला कळतं की उद्या मुलाला वांगं करून पाठवायचंय, जांभळा कागद आणा. आणि पुढच्या जूनमध्ये मोठी पाचवीत जाईल. पाचवीची शाळा सातला भरते. म्हणजे पुन्हा दोन डबे, दोन व्हॅन, दोन वेळा.

तेव्हा बी.एड.चे फॉर्म, चकलीच्या ऑर्डरी, झुंबा, सगळं पुढच्या वर्षी बोलू. यंदा मला वेळ नाही.