लिपी आधी धान्यासाठी लिहिली गेली

२७ फेब्रुवारीला आमच्या गावात भाषा दिनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे चांगले बोलले. पण ओघात म्हणाले, "माणसाला मनातलं सांगायचं होतं म्हणून त्यानं लिपी शोधली, पुढं व्यापाऱ्यांनी तिला हिशेबाला जुंपलं." टाळ्या पडल्या. मी ३१ वर्षं मार्केट यार्डात एका आडतीवर दिवाणजी, म्हणजे हिशेब लिहिणारा, होतो. मला टाळी वाजवता आली नाही, कारण गोष्ट नेमकी उलटी आहे. जगातली सर्वांत जुनी ज्ञात लिपी हिशेबातच जन्मली. कविता तिच्या घरी फार उशिरा आली.

दक्षिण इराकमध्ये वार्का म्हणून एक ओसाड टेकाड आहे. इ.स.पू. ३३००च्या सुमारास तिथं उरुक हे शहर भरात होतं, अडीचशे हेक्टरांवर पसरलेलं. त्या मुलखात पाऊस नावापुरता. दगड नाही, इमारती लाकूड नाही, धातू नाही. युफ्रेटिसचं पाणी आणि गाळाची माती, एवढंच भांडवल. घरं मातीची, आणि त्याआधीच्या काळात तर पीक कापायचे विळेसुद्धा भाजलेल्या मातीचे! नदीला पूर यायचा तोही वसंतात, पीक कापणीला आलेलं असताना. पेरणीला पाणी हवं तेव्हा नदी उतरलेली. मग बांध घाला, पाट काढा, दर वर्षी पाटातला गाळ उपसा. हे एका घराचं काम नाही. त्याला शेकडो हात लागतात, आणि त्या हातांना रोज पोटाला जव लागतो, म्हणजे आपला सातू. तो देवळाच्या कोठारात जमा व्हायचा आणि तिथूनच वाटला जायचा.

आता मला सांगा, गावात उधारी लिहून ठेवायची गरज कितीशी असते? मी तुमचं पायलीभर बी नेलं, तुम्हाला माहीत, मला माहीत, शेजारच्या काकूंनाही माहीत. पण हजारो माणसं एका जागी राहायला लागली, धान्य देणारा कोण आणि खाणारा कोण हे एकमेकांना ठाऊक नाही, तिथं तोंडी कारभार चालत नाही. माझ्या मते शहर म्हणजे हेच: अनोळखी माणसांचा एकमेकांशी आलेला हिशेब.

त्याचा पहिला उपाय होता खडे. मातीचे छोटे शंकू, गोळ्या, चकत्या. एक आकार एका मापाच्या धान्याचा, दुसरा आणखी कशाचा. पश्चिम आशियात असे खडे इ.स.पू. ८०००पासून सापडतात. पुढं ते मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वरून शिक्का फिरवायची पद्धत आली. आत किती आहेत हे गोळा न फोडता कळावं म्हणून बाहेरच्या ओल्या मातीवर तेवढ्या खुणा दाबायच्या. डेनिस श्मांट-बेसेरा या विदुषींनी आयुष्यभर या खड्यांचा अभ्यास केला. त्या म्हणतात, एकदा खुणा बाहेर आल्या की आतल्या खड्यांचं कामच उरलं नाही. गोळा चपटा झाला आणि पाटी तयार झाली. लिपीतल्या चित्रखुणाही खड्यांतूनच आल्या का, यावर अभ्यासकांत वाद आहे. आकड्यांचं मात्र मला पटतं, कारण ते मी पाहिलंय. आमच्या गोदामात थप्पी लावताना मुकादम प्रत्येक पोत्यामागे एक खडा बाजूला टाकायचा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण शंभर पोत्यांत एकाची चूक नाही.

उरुकमध्ये अशा सुमारे ५ हजार पाट्या आणि त्यांचे तुकडे सापडले. त्यांतल्या बहुतेक सगळ्या हिशेबाच्या. उरलेल्या शब्दांच्या याद्या, शिकाऊ लेखनिकांनी गिरवायच्या. त्या काळच्या एका पाटीवर जवाची २९,०८६ मापं, ३७ महिने आणि 'कुशिम' अशी नोंद आहे. कुशिम हे माणसाचं नाव की हुद्द्याचं, हे नक्की ठरलेलं नाही. माणसाचं असेल, तर जगात सर्वांत आधी लिहिल्या गेलेल्या नावांपैकी एक कोठारावरच्या दिवाणजीचं आहे. राजाचं नाही, कवीचंही नाही. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि मोजायच्या पद्धती बघा. डझनभराहून अधिक! बोरूनं दाबलेला तोच गोल खळगा मेंढ्या मोजताना १०चा, जव मोजताना ६चा. विचित्र वाटतं, पण आपणही ज्वारी डझनावर विकत नाही आणि केळी पायलीनं मोजत नाही. खळ्यावर रास मोजताना आपला माणूस पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. धान्याची मोजणी माणसानं कायम वेगळीच मानली आहे.

या जन्माची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. उरुकच्या मातीत ओबडधोबड, तिरप्या काठाची वाडगी ढिगानं सापडतात. मजुरांना शिधा मोजून द्यायची ती वाडगी, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. काहींना तो पाव भाजायचा साचा वाटतो. लिपीत डोकं आणि तोंडाशी वाडगं असं चिन्ह काढलं की अर्थ होतो 'खाणं'. बाई आणि डोंगर अशी चिन्हं जोडली की दासी, परमुलखातून आणलेली बाई. म्हणजे जी पाटी मेंढ्या मोजायची तीच माणसंही मोजायची.

तरीही मी लिहिण्याच्याच बाजूचा आहे. १९९६च्या हंगामात एका तात्यांची दोन पोती तूर कच्च्या चिठ्ठीवर चढवायची राहिली. चूक माझी होती. संध्याकाळी विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात घेऊन तात्या एवढंच म्हणाले, "दिवाणजी, माझी अकरा होती हो." मालक ऐकेनात. शेवटी हमालानं मला गोदामाच्या भिंतीपाशी नेलं. खडूच्या पाच-पाच रेघांच्या दोन जुड्या आणि वर एक रेघ. अकरा. त्या रेघांवर तात्यांना पैसे मिळाले. मालकाचा शब्द एकीकडे आणि भिंतीवरची खूण एकीकडे, तेव्हा खूण जिंकली. गरिबाला आठवणीवर न्याय मिळत नाही, नोंदीवर मिळतो.

कविता लिहायला माणसाला त्यानंतर कितीतरी शतकं लागली. सुमेरची, म्हणजे त्याच दक्षिण इराकमधली, जुन्यात जुनी स्तोत्रं आणि उपदेश इ.स.पू. २६००च्या आसपासचे. नावानिशी माहीत असलेली पहिली कवयित्री एन्हेदुआन्ना, तिथल्याच ऊर शहराची पुजारीण आणि सार्गोन राजाची मुलगी, इ.स.पू. २३००च्या सुमाराची. तोवर ओल्या मातीवर बोरू चालवून हिशेबनिसांच्या पिढ्यांनी ती लिपी तयार करून ठेवली होती.

मराठीचंही तसंच आहे. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख आपल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत गणला जातो, शके ९३४चा मानतात. त्यात काय आहे? देवीच्या बोडणासाठी, म्हणजे एका पूजाविधीसाठी, नऊ कुवली धान्य. म्हणजे तिथंही धान्याचं मापच!

उरुकच्या त्या पाट्या कुणी जपून ठेवल्या नव्हत्या. काम संपल्यावर टाकून दिल्या आणि देवळाच्या आवारातल्या बांधकामात भर म्हणून गेल्या. आमची आडत बंद झाली तेव्हा ४० वर्षांच्या कीर्दी आणि खतावण्या, सगळ्या हिशेबाच्या वह्या, रद्दीत गेल्या. त्यांत किती गावांचा पाऊस होता, किती लग्नांच्या उचली होत्या. मी कशीबशी एक वाचवली, १९९४ सालची. लाल कापडी बांधणी, कोपऱ्यांवर हळदीकुंकू, आणि पानोपानी शेतकऱ्यांचे निळे अंगठे.

पुढच्या २७ फेब्रुवारीला ग्रंथपूजनाच्या टेबलावर ज्ञानेश्वरी आणि गाथेशेजारी तेवढी जागा ठेवा. खतावणी मी घेऊन येतो.