काळा चौकोन

आकाशाचे फोटो काढायला थंडी लागते आणि सोलापुरात ती जेमतेम दोन महिने टिकते. जानेवारीच्या मध्यात, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, मृग नक्षत्र रात्री साडेदहाच्या सुमारास सर्वांत वर असतं. त्यातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा चमकता ढग) तेव्हा क्षितिजापासून 67 अंशांवर येतो, म्हणजे मानेची पुरती परीक्षा. जुळे सोलापुरातली गच्ची, 24 मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा, 50 मिमीची लेन्स, ट्रायपॉड आणि कानटोपी एवढ्यावर भागतं. माझे हाल सुरू होतात ते गच्चीवरून खाली उतरल्यावर, लॅपटॉपसमोर.

आकाशाचे अनेक फोटो एकमेकांवर बसवून त्यांचा एक करणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव सिरिल. ते फुकट आहे, त्यामुळे पैसे परत मागायची सोय नाही.

गणित मात्र गच्चीवरच चुकलेलं असतं. तारे न सरकता शटर किती सेकंद उघडं ठेवायचं? 500 भागिले लेन्सचं फोकल अंतर, हा जुना नियम. लहान सेन्सरसाठी 50 ला दीडने गुणून 75 धरायचे, उत्तर साडेसहा सेकंद. पण तेवढ्या वेळात मृगातला तारा या कॅमेऱ्यात सुमारे सहा पिक्सेल सरकतो आणि ताऱ्यांच्या जागी चवळीच्या शेंगा येतात. सिरिल गोल तारे शोधतं. शेंगा दिसल्या की ‘पुरेसे तारे सापडले नाहीत’ असं लाल अक्षरांत कळवतं आणि गप्प बसतं. म्हणून 3 सेकंदांचे 200 फोटो. एकूण प्रकाश 10 मिनिटांचा.

आता मानपान. सिरिलच्या स्क्रिप्टला, म्हणजे सगळी कामं ओळीने उरकणाऱ्या तयार आज्ञांना, चार फोल्डर लागतात: लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स आणि बायसेस. नावं इंग्रजीत, छोट्या लिपीत आणि अनेकवचनी. शेवटचा एस राहिला तर वरपक्ष मांडवातून उठतो. लाइट्स म्हणजे खरे फोटो. डार्क्स झाकण लावून काढायचे. तेवढेच सेकंद, तोच आयएसओ, आणि मुख्य म्हणजे तेच तापमान. इथेच आपला सोलापुरी आळस नडतो. ‘डार्क्स काय, कधीही काढू’ म्हणून ते मे महिन्यात पंख्याखाली काढले, तर तापलेल्या सेन्सरचे ठिपके जानेवारीच्या थंड फोटोंतून वजा व्हायला जातात आणि आकाशाला काळी भोकं पडतात. बायस म्हणजे झाकण लावून कॅमेऱ्याच्या सर्वांत वेगवान शटरवर काढलेले फोटो. फ्लॅट्ससाठी लेन्सवर पांढरं पातळ कापड ताणून संध्याकाळच्या आकाशाकडे धरायचं, फोकसची रिंग न हलवता. आमच्याकडे टॉवेलला तोटा नाही, पण टॉवेल जाड पडतो. धोतराचा तुकडा बरा. फ्लॅट्स टाळले तर कोपरे काळे राहतात आणि सेन्सरवर बसलेल्या धुळीच्या कणांचे मेदूवडे आकाशभर तरंगतात.

कॅमेरा रॉ (प्रक्रिया न केलेले) आणि जेपीजी दोन्ही साठवत असेल तर जेपीजी आधी बाहेर काढावेत. स्क्रिप्ट दोन्ही एका पंगतीला बसवते आणि मग पंगत उठते. लाल ओळ दिसली की तिच्या वरच्या दोन-तीन ओळी वाचाव्यात, खरं कारण तिथे लिहिलेलं असतं. मी हे आता शहाण्यासारखं सांगतोय, पण लाल अक्षर दिसलं की माझा हात अजूनही आधी खिडकी बंद करायला जातो.

डिस्कची कथा वेगळीच. एक रॉ फोटो साधारण 25 एमबी, म्हणजे 200 फोटो 5 जीबीत बसतात. पण सिरिल प्रत्येक फोटोचे लाल, हिरवा, निळा असे तीन थर करतं. 16 बिटमध्ये एक फोटो 144 एमबीचा होतो. 200 फोटोंचे झाले जवळपास 29 जीबी. मग तारे जुळवून सगळ्यांची आणखी एक प्रत, आणखी 29. सेटिंग 32 बिटवर असेल तर सगळं दुप्पट. लॅपटॉपवर 40 जीबी मोकळे आहेत या भरवशावर बसलेला माणूस रात्री एक वाजता लग्नाचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवर हलवताना सापडतो.

हे जुळवणं मात्र बघण्यासारखं असतं. मूळ फोटो 400 टक्के मोठा केला की चौकड्या दिसतात, दर चारांत एक लाल, एक निळा आणि दोन हिरवे, अगदी टॉवेलच्या विणीसारख्या. 200 फोटो एकमेकांवर बसले की दाणेदार खरखर एका फोटोच्या सुमारे चौदाव्या हिश्शावर येते. कॅमेरा मात्र 10 मिनिटं एकाच जागी ठेवला असेल तर आकाश एकाच दिशेने सरकतं, सेन्सरचे डाग तिथेच राहतात, आणि तारे जुळवल्यावर ते डाग तिरप्या रेघा होऊन उमटतात. पूर्व भागातल्या मागावरून उतरलेली चादरच जणू, फक्त तिला गिऱ्हाईक नाही. उपाय सोपा आहे: दर 20-25 फोटोंनंतर कॅमेरा किंचित कुठेतरी हलवायचा, आणि दरवेळी वेगळ्या बाजूला. पण हा गच्चीवरचा उपाय आहे. तो लॅपटॉपसमोर आठवून उपयोग नसतो.

शेवटी रिझल्ट नावाची फाइल तयार होते. उघडावी, तर काळा चौकोन. दोन-चार ठिपके, बाकी काजळी. पहिल्यांदा वाटतं, सगळं मुसळ केरात गेलं. गेलेलं काही नसतं. सेन्सर प्रकाश सरळ मोजतो, आणि तेजोमेघाचा प्रकाश इतका थोडा असतो की किती पिक्सेल किती उजळ हे दाखवणारा सगळा आलेख डाव्या भिंतीला चिकटून बसतो. खालच्या यादीत ‘लिनिअर’च्या जागी ‘ऑटोस्ट्रेच’ निवडलं की मृग एकदम उजळतो. माणूस हरखतो, जेपीजी सेव्ह करतो, उघडतो, तर पुन्हा काळा चौकोन. कारण ऑटोस्ट्रेच हा नुसता चष्मा आहे; डोळ्यांवर आहे तोवर दिसतं, फाइलला त्याचा पत्ताच नसतो.

चष्मा असू द्यावा, पण पुढची कामं क्रमाने करावीत. आधी कडा कापायच्या, कारण फोटो सरकून बसल्याने तिथे काळ्या पट्ट्या असतात आणि त्या पुढच्या प्रत्येक हिशेबात घोळ घालतात. मग शहराचा उजेड काढायचा. सॉफ्टवेअर फोटोभर चौकोनी खुणा पेरतं आणि त्याखाली रिकामं आकाश आहे असं समजतं. एखादी खूण तेजोमेघावर पडली, तर त्यालाच सोलापूरचा उजेड समजून ते पुसून टाकतं. ती खूण राइट क्लिक करून उडवायची. उजेड एकाच बाजूने चढत असेल तर त्या उजेडाचा चढ मांडणाऱ्या बहुपदीची कोटी 1 पुरते. हौसेने 4 लावली की आकाशाला ढगांसारखे पोचे येतात.

रंगांसाठी सिरिलला आपण आकाशात कुठे बघतोय ते आधी ओळखावं लागतं. तिथे फोकल अंतर विचारतात. नुकतंच दीडने गुणून 75 शिकलेला माणूस अभिमानाने 75 लिहितो, आणि सॉफ्टवेअरला मृग सापडत नाही. तिथे 50 च लिहायचे, आणि या कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार 3.92 मायक्रॉन. हे जमलं की गवतासारखा हिरवा फोटो माणसात येतो.

मग खरं ताणणं, म्हणजे हिस्टोग्राम, तोच मघाचा आलेख. त्याआधी चष्मा काढायचा, नाहीतर उजळलेल्यावर पुन्हा उजळून सगळं दह्यासारखं दिसतं. मधला सरकता खुंट थोडा डावीकडे, लागू करा, पुन्हा थोडा. एकदम ओढला की मधला भाग पांढराफटक होतो आणि त्यातले बारकावे गायब. काळा खुंट आलेखाच्या पायथ्यापर्यंतच न्यावा. डोंगरात घुसवला की मंद धूर कायमचा गेला. पार्श्वभूमी 255 पैकी 20-25 वर ठेवावी, म्हणजे आकाश आकाशासारखं राहतं.

एवढं करून तेजोमेघ निघतो जेमतेम 240 पिक्सेलचा, 6000 पिक्सेल रुंद फोटोत कडक भाकरीवरच्या तिळाएवढा. तो कापून, मोठा करून व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवायचा. व्हॉट्सॲप त्याला पुन्हा दाबतं, मित्र उन्हात उभा असतो, बॅटरी वाचवायला मोबाइलचा उजेड तळाला नेलेला असतो. उत्तर लगेच येतं.

‘का बे, काळंच आलंय की. परत पाठव.’