‘अकरावी एन्जॉय करा’ म्हणणाऱ्या दादा-ताईंना

‘अकरावीतल्या मला आजचा मी काय सांगेन’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलामुलींनी लिहिलाय म्हणे. काल तो भाचीकडून आला आणि खाली तिचा प्रश्न: ‘मावशी, मग अकरावीच्या क्लासची फी भरायची की नाही?’ मेसेज नुसता गमतीचा असता तर सोडून दिला असता. पण पोरं त्यावर निर्णय घेणार असतील तर उत्तर द्यायलाच हवं.

आठ कलमं आहेत. थोडक्यात: १) बोर्डाचे मार्क कुठे लागत नाहीत, पास झालात की पुरे. २) बालभारती फेका, एनसीईआरटी (सीबीएसईची पुस्तकं) वाचा. ३) अकरावी एन्जॉय करा, सीईटी (राज्यातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाची परीक्षा) म्हणजे फक्त बारावीचा अभ्यास. ४) येत नसलेला प्रश्न सोडून द्या, निगेटिव्हमध्ये मार्क घालवू नका. ५) भाषेऐवजी आयटी घ्या. ६) जातीचे वगैरे दाखले ॲडमिशनच्या वेळी बघू, मुदत मिळतेच. ७) कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फॉर्ममध्ये चारच टॉप कॉलेजं टाका, नाहीतर खालचं गळ्यात पडतं. ८) हा मेसेज प्रत्येक अकरावीच्या ग्रुपवर टाका.

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. राज्य सीईटी कक्षाने अभ्यासक्रम आणि गुणभाराचं पत्रक वेबसाइटवर टाकलेलं असतं. ते उघडायला दोन मिनिटं लागतात, आणि हा मेसेज लिहिणाऱ्यांनी ते उघडलेलं नाही. त्यात सरळ लिहिलंय: साधारण २० टक्के भार अकरावीवर, ८० टक्के बारावीवर. पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा. फिजिक्सचे ५० प्रश्न, केमिस्ट्रीचे ५०, प्रत्येकी १ गुण. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. म्हणजे प्रत्येक विषयात साधारण १० प्रश्न अकरावीचे, आणि गुणांत मोजले तर १० अधिक १० अधिक २०, असे ४०. अकरावी ‘एन्जॉय’ केलेला मुलगा २०० ची नाही, १६० गुणांची परीक्षा देतो. शेजारच्या कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी २०० ची देत असते, आणि पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत तो आकडा) तिच्याशी तुलना करूनच निघतं.

हा झाला उघड तोटा. आतला त्याहून मोठा आहे. बारावीत इंटिग्रेशन सुरू झालं की पहिल्या आठवड्यात साइन वर्ग एक्सचं इंटिग्रेशन येतं. सरळ सूत्र लागत नाही. आधी साइन वर्ग एक्स म्हणजे ‘१ वजा कॉस टू एक्स, भागिले २’ असं लिहावं लागतं, मग गणित दोन ओळींत सुटतं. ही पहिली ओळ अकरावीच्या ट्रिगनॉमेट्रीतली आहे. ती नसेल तर मुलगा ‘मला इंटिग्रेशन जमत नाही’ असं सांगत फिरतो, आणि घरचे इंटिग्रेशनचा वेगळा क्लास शोधतात. फिजिक्समध्ये बीट्सची सिद्धता साइन सी अधिक साइन डी या सूत्रावर उभी आहे, तेही अकरावीचंच. केमिस्ट्रीत टर्शरी हॅलाइड एसएन-वन मार्गाने झटपट का जातं, याचं उत्तर कार्बोकॅटायनच्या स्थैर्यात आहे, आणि ते अकरावीच्या ऑरगॅनिकच्या पहिल्याच मोठ्या धड्यात शिकवतात. मोल संकल्पना आणि रेडॉक्स कच्चं ठेवून इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची उदाहरणं सोडवून बघा, मग बोलू.

एवढं मात्र मान्य करते की अकरावीचं सगळं पुस्तक सीईटीला नसतं. पत्रकात धड्यांची नावं दिलेली असतात. फिजिक्समध्ये मोशन इन अ प्लेन, लॉज ऑफ मोशन, ग्रॅव्हिटेशन, ऑप्टिक्स असे निवडक धडे. गणितात स्ट्रेट लाइन, सर्कल, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, लिमिट्स वगैरे. आपल्या वर्षाची यादी छापून टेबलावर चिकटवा. यादीतला धडा कॉलेजात संपला की त्याच आठवड्यात त्यावरचे साठ-सत्तर बहुपर्यायी प्रश्न सोडवा, घड्याळ लावून. चुकलेल्या प्रश्नांचे नंबर वहीत उतरवा आणि प्रत्येक धड्याच्या सूत्रांचं एकच पान करा. अकरावीची परीक्षा आणि बारावीची सुरुवात यांच्यामधल्या सुट्टीत फक्त ते चुकलेले प्रश्न पुन्हा करायचे. बारावीत मग रविवारी वीस-पंचवीस प्रश्न एवढंच उरतं. हे न करता बारावीची बोर्डाची परीक्षा संपल्यावर क्रॅश कोर्समध्ये तीन विषयांचे अकरावीचे सगळे धडे ‘उरकायला’ जे बसतात, ते उरकत नाहीत. त्या दिवसांत सराव पेपर द्यायचे असतात, धडे पहिल्यांदा वाचायचे नसतात.

आणि फीचं? क्लास लावायचाच असेल तर आधी एवढंच विचारावं: अकरावीच्या वर्षात तुम्ही सीईटीच्या यादीतले अकरावीचे धडे पूर्ण करता, की जूनपासूनच बारावी सुरू करता? काही ठिकाणी दुसरं चालतं. तिथे फी भरण्यात अर्थ नाही.

चौथं कलम वाचून तर हसूच आलं. एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाहीच! ते जेईई मेनला (एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांच्या प्रवेश परीक्षेला) आहे: बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १, ७५ प्रश्न, ३०० गुण. कुणीतरी जेईईचा सल्ला उचलून सीईटीच्या पोरांना वाटलाय. सीईटीत प्रश्न कोरा सोडणं म्हणजे फुकटचा घास ताटात टाकून उठणं. गणितात दहा प्रश्न डोळे झाकून भरले तरी चार पर्यायांच्या हिशेबाने सरासरी अडीच बरोबर येतात, म्हणजे पाच गुण. त्यातला एक-एक पर्याय खोडता आला तर आणखी जास्त.

इथे खरी अडचण वेगळीच आहे, तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. पेपर दोन भागांत असतो. पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्री, पुढची ९० मिनिटं गणित. पहिला भाग बंद झाला की परत उघडत नाही, आणि गणित आधी उघडत नाही. पहिल्या भागात १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद. गणितात १०८. फिजिक्सच्या एका आकडेमोडीत चार मिनिटं अडकलेल्याचे केमिस्ट्रीचे सोपे सरळ प्रश्न वाचायचेच राहतात. म्हणून केमिस्ट्री आधी, पहिल्या फेरीत मिनिटभरात न सुटणारा प्रश्न खूण करून पुढे, आणि शेवटची तीन मिनिटं कोरे प्रश्न भरायला राखून ठेवायची. तीन मिनिटं कमी वाटतात, पण पर्याय निवडून सेव्ह करण्यापलीकडे तिथे काही करायचं नसतं.

पहिलं कलम अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल. राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाची गुणवत्ता यादी सीईटीवर (किंवा जेईईवर) लागते, बोर्डाचे गुण त्यात मिळवत नाहीत. पण ‘पास झालात की पुरे’ हे खोटं. पात्रतेसाठी खुल्या वर्गाला तीन विषयांत मिळून ४५ टक्के लागतात, म्हणजे ३०० पैकी १३५. राखीव प्रवर्गांना ४० टक्के, १२०. फिजिक्स ३८, केमिस्ट्री ४२, गणित ५० असा मुलगा बोर्डात सुखाने पास होतो, बेरीज १३०, आणि पाच गुणांसाठी खुल्या जागेला अपात्र ठरतो. सीईटीला ९५ पर्सेंटाइल असलं तरी.

हे टाळणं अवघडही नाही. फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचे ३०-३०, गणिताचे २०, असे ८० गुण लेखी परीक्षेच्या आधीच हातात येऊ शकतात. जर्नल वेळेवर सही करून घेणं, स्क्रू गेजची झीरो एरर काढता येणं, टायट्रेशनमध्ये गुलाबी छटा पहिल्यांदा टिकली की ब्युरेटचा नळ बंद करणं, एवढ्यावर ते मिळतात. एक थेंब जास्त पडला की फ्लास्क गडद गुलाबी होतो आणि रीडिंग वाया जातं. ‘इंटिग्रेटेड’च्या (कॉलेज आणि क्लास एकत्र) नावाखाली वर्षभर लॅबचं तोंड न पाहिलेल्यांना हे फेब्रुवारीत कळतं.

शिवाय एनआयटीत जायचं असेल तर बारावीला ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं ही अट आहेच. आणि सरसकट भरती करणाऱ्या बऱ्याच कंपन्या कॅम्पसला येताना दहावी, बारावी, डिग्री अशा तिन्हीकडे ६० टक्के मागतात. मेसेज लिहिणारे दुसऱ्या वर्षात आहेत, त्यांच्यावर ती वेळ अजून यायचीय. मग ‘कुठे लागत नाहीत’ हे त्यांना कुणी सांगितलं?

दुसरं कलम नीटचं (मेडिकल प्रवेश परीक्षेचं) आहे, चुकून इथे आलंय. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, म्हणजे बालभारतीवर. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स हा धडा एनसीईआरटीच्या बारावीच्या गणितात शोधा, सापडला तर कळवा. मॅथेमॅटिकल लॉजिकमधले ट्रुथ टेबल आणि स्विचिंग सर्किटचे प्रश्न म्हणजे हमखास मिळणारे दोन-दोन गुण, तेही बालभारतीतच. पुस्तकं फेकू नका. धड्यामागचा स्वाध्यायही सोडवा.

पाचवं ठीक आहे. आयटीमुळे बोर्डाची टक्केवारी वाढते. सीईटीशी संबंध शून्य. पुढे.

आता सहावं, ‘दाखले नंतर बघू’. यातही अर्धसत्य आहे: जात वैधता प्रमाणपत्रासाठी सरकारने काही वर्षी मुदत दिली आहे, अर्जाच्या पावतीवर प्रवेशही झाले आहेत. पण ती मुदत म्हणजे त्या त्या वर्षीचा सरकारी निर्णय, तुमचा हक्क नव्हे. आणि मुदतीत वैधता आली नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश जातो, तोही कॉलेज सुरू झाल्यावर.

हे काम अकरावीतच सुरू करायचं. अर्ज ऑनलाइन भरायचा, कॉलेजचा सही-शिक्का घ्यायचा, वंशावळीसह नमुना ३ आणि नमुना १७ ची शपथपत्रं जोडायची आणि जिल्हा जात पडताळणी समितीकडे दाखल करायचं. (अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते.) मूळ अडचण पुराव्याची. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीची जातीची नोंद दाखवावी लागते. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, नाहीतर तहसीलमधून गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाची नक्कल. जुनी नोंद मोडीत असली तर लिप्यंतर करून घ्यायला आणखी दिवस. आणि मग कळतं की शाळेत आजोबा ‘सखा’ आहेत, सातबाऱ्यावर ‘सखाराम’ आणि वडिलांच्या दाखल्यावर ‘सखारामराव’. तिन्ही माणसं एकच, हे शपथपत्राने आणि जोडपुराव्याने दाखवावं लागतं. वडिलांकडच्या सख्ख्या नातलगाकडे, म्हणजे काका, आत्या किंवा चुलतभावाकडे वैधता असेल तर काम बरंच सोपं होतं, म्हणून पहिला फोन त्यांना करा. जूनमध्ये सगळा जिल्हा समितीच्या दारात उभा असतो, तेव्हा हे सगळं जुळवणार आहात का?

नॉन-क्रीमीलेअरच्या (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या) दाखल्याची गोष्ट उलटी. ते फार आधी काढून उपयोग नाही, प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असावं लागतं. तारीख वाचून घ्या. ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखलाही चालू वर्षाचाच लागतो.

सातवं कलम कॅप कसं चालतं हे न समजता लिहिलंय. यंत्रणा तुमची यादी वरून खाली वाचते. पहिला पर्याय तुमच्या गुणांत बसतो का? नाही. दुसरा? नाही. असं करत जिथे बसतो तिथे थांबते. खाली आणखी पन्नास कॉलेजं लिहिल्याने वरच्या चारांची शक्यता तसूभरही कमी होत नाही. फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. चारच टाकले आणि चारही हुकले तर त्या फेरीत हातात काहीच येत नाही, एवढाच फरक.

काळजी घ्यायची ती वरच्या ओळींची. २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर तो घ्यावाच लागत होता. म्हणून ‘असू दे’ म्हणून लिहिलेलं कॉलेज वरच्या सहांत नको. मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या सीईटी कक्षाच्या साइटवर असतात, त्या वाचताना जागेच्या कोडमधलं शेवटचं अक्षर बघा: एच म्हणजे गृह विद्यापीठ (कॉलेज ज्या विद्यापीठाचं, त्याच्याच हद्दीतली मुलं), ओ म्हणजे त्याबाहेरचं, एस म्हणजे राज्यस्तर. सुरुवातीचं एल म्हणजे मुलींच्या जागा. मुंबईची मुलगी पुण्याच्या कॉलेजचा एच वाला आकडा बघून यादी लावत असेल तर ती यादी दुसऱ्याच कुणाची आहे. पहिल्या दहा ओळींत आपल्या पर्सेंटाइलपेक्षा वरचे कटऑफ, मधल्या वीस-पंचवीसांत आसपासचे, आणि खाली नक्की मिळतील असे सात-आठ ठेवा.

राहिलं आठवं. ग्रुपवर टाकायचाच असेल तर निदान तिसरं, चौथं आणि सातवं कलम खोडून टाका. आणि भाचीसाठी: फी नंतर, आधी आजोबांच्या शाळेत उताऱ्याचा अर्ज दे.