चाकू-सुऱ्यांचे पिक्चर यादीत घ्याच

आमच्या सिनेमावाल्या ग्रुपवर सध्या 'जगातले शंभर श्रेष्ठ सिनेमे' ही यादी चाललीय. दिग्दर्शकांत कुरोसावा आले, राय आले, बर्गमनवरून हाणामारी व्हायचीच बाकी राहिली. त्यात मी 'हॅलोवीन' (१९७८), म्हणजे मुखवट्यातल्या खुन्याचा अमेरिकन भयपट, हे नाव टाकलं आणि ग्रुप गपगार. मग एका ज्येष्ठ सरांचा मेसेज आला : "असले चाकू-सुऱ्यांचे पिक्चर वेगळ्या यादीत घ्या. आणि ताई, बाई असून तुम्हाला हे आवडतं तरी कसं?"

सर, तुमच्याबद्दल आदर आहेच. उत्तर लांबतंय म्हणून इथं लिहिते.

आधी घरचं, आपल्या कोल्हापूरचं बघू. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री', साल १९२०. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब जमला होता की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. नाटकाचे पडदे रंगवणारा, स्वतःचा कॅमेरा स्वतः घडवणारा हा माणूस. त्याला आपण कलामहर्षी म्हणतो, खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाला हार घालतो, आणि ते योग्यच आहे. पण मग कथा पुराणातली असली की वध ही कला, आणि अमेरिकेतल्या गल्लीत घडला की पोरखेळ, हा कुठला न्याय? रक्ताला सोवळं नेसवलं की चालतं, असाच हिशेब दिसतोय.

त्यात 'हॅलोवीन'मध्ये रक्त जवळपास नाहीच. ज्यांनी बघितलेला नाही त्यांनाच तो रक्तपात वाटतो.

सुरुवात आठवा. कॅमेरा रात्री एका घराबाहेरून फिरतो, खिडकीतून आत डोकावतो, मागून स्वयंपाकघरात शिरतो, ड्रॉवरमधून सुरी काढतो, जिना चढतो. वर पडलेला मुखवटा उचलून तोंडावर चढवतो आणि तिथून पुढं आपल्याला फक्त डोळ्यांच्या दोन भोकांतून दिसतं. सगळं एका दमात घेतल्यासारखं (जोड आहेत, पण शोधून दाखवा). खून होतो. आपण जिना उतरून अंगणात येतो, बाप मुखवटा ओढून काढतो, आणि समोर सहा वर्षांचं पोरगं, विदूषकाच्या कपड्यात, हातात सुरी. इतका वेळ आपण ह्याच्या डोळ्यांनी बघत होतो! बघणाऱ्याला गुन्ह्यात सामील करून घ्यायचं आणि ते त्याला मागाहून कळू द्यायचं, हे पहिल्या काही मिनिटांत करणारे दिग्दर्शक मोजकेच.

आणि शेवटाकडचा तो दरवाजा. नायिका लॉरी चौकटीपाशी टेकून हुंदके देतेय, शेजारी काळोखी खोली. त्या काळोखात पांढरा मुखवटा हळूहळू उमटतो. छायाचित्रकार डीन कंडी यांनी एक दिवा डिमरवर लावून सावकाश वाढवला, बाकी काही नाही. खुनी (तेच पोरगं, आता मोठं झालेलं) कुठून चालत आलेला नाही. तो तिथंच उभा होता, आपल्याला आत्ता दिसला. आजही काटा येतो अंगावर.

पैसा म्हणाल तर सगळा मिळून तीन लाख डॉलरच्या आसपास. मुखवटा 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, दुकानातला, वरून पांढरा रंग मारलेला. गोष्ट ऑक्टोबरातली आणि चित्रीकरण वसंतात, म्हणून वाळकी पानं रंगवून पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून परत वापरायची. कोल्हापुरात ज्यांनी कधी शूटिंगला हातभार लावलाय त्यांना ही काटकसर ओळखीची वाटेल.

संगीत खुद्द दिग्दर्शक जॉन कार्पेंटरचं. ताल पाचाचा, मोजायला सोपं जावं म्हणून दहा मात्रा धरा : तीन-तीन-दोन-दोन. आपल्या झपतालाच्याही मात्रा दहाच, पण तिथं दोन-तीन-दोन-तीन असा डौल आहे. इथं सुरुवातीचे दोन तीनाचे घास लागोपाठ येतात आणि मग पाय अडखळल्यासारखी लय आखडते. सम येते ती नेहमी जरा लवकर आल्यासारखी वाटते. देवल क्लबसारखी गाण्याची संस्था असलेल्या गावात निदान ह्याला तरी दाद मिळावी.

आता बाईचा प्रश्न. ह्या पिक्चरांत मोकळं वागणाऱ्या पोरी मरतात आणि सालस ती वाचते, हा आरोप जुना आहे आणि बऱ्याच ठिकाणी खराही आहे. पण कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ मध्येच दाखवून दिलं की शेवटी उरते ती पोरगी, आणि थिएटरभर बसलेले तरणे गडी तिच्याच भीतीनं घाबरतात, तिच्याच बाजूनं ओरडतात. त्या काळच्या इतर मारधाडपटांत बाईच्या वाट्याला काय यायचं? किंचाळायचं आणि हिरोची वाट बघायची. लॉरी विणकामाची सुई हाणते, हँगर हाणते. (शेवटी खुन्याच्या मागावरचा डॉक्टर ऐनवेळी येऊन तिला वाचवतो, हे मान्य. ते मलाही खटकतं.)

म्हणून सगळंच डोक्यावर घ्या असं मी म्हणत नाही. 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) आणि त्याच्या मागून आलेली रांग म्हणजे धंदा. कोण कसा मरणार एवढंच नवीन. रॉजर ईबर्टसारखा समीक्षक ह्या लाटेवर तुटून पडला होता, पण त्यानंच 'हॅलोवीन'ला चार तारे दिले होते. चाळण अशी लावायची असते. आणि आपल्याकडच्या भयपटवाल्या रामसेंनी 'महाकाल'मध्ये फ्रेडी (हॉलिवूडचा स्वप्नात येऊन मारणारा खुनी) आणला, तो मी लहानपणी फार एन्जॉय केला, पण त्यासाठी यादीत जागा मागायला मी काही जाणार नाही.

राहता राहिला दर्जाचा शिक्का. हिचकॉकच्या 'सायको'मधला न्हाणीघरातल्या खुनाचा तो पाऊण मिनिटाचा प्रसंग सात दिवस चित्रित होत होता. आज त्याला कोण नाही म्हणतं? त्याच १९६० साली आलेल्या 'पीपिंग टॉम'वर ब्रिटिश समीक्षकांनी अशी राळ उडवली की मायकेल पॉवेलसारख्या दिग्दर्शकाची तिथली कारकीर्दच आटोपली. आता तोच सिनेमा अभ्यासाला लावतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत (जपून ठेवायच्या सिनेमांची सरकारी यादी) 'हॅलोवीन' २००६ मध्येच गेला, 'टेक्सास चेनसॉ मॅसेकर' २०२४ मध्ये. आपण कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांच्यापेक्षा कडक सोवळं पाळायचं काय?

तर सर, माझी तीन मतं : 'सायको', 'टेक्सास', 'हॅलोवीन'. जागा कमी पडत असेल तर बर्गमनचे पाच घेतलेत, त्यातला एक काढा. कुठला काढायचा ते तुम्हीच ठरवा, त्यावरून मी भांडणार नाही.